ताईला दिलेला शब्द

नीरवचा फोन आला तेव्हा मी वाणगावच्या बाजारात मिरचीच्या भावावरून हुज्जत घालत होतो. "मामा, काकी गेली," एवढंच तो गुजरातीत म्हणाला आणि रडायला लागला. काकी म्हणजे माझी थोरली बहीण, कुमुदताई. नीरव तिच्या दिराचा मुलगा. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या एका थंड शहरात, त्याच्याच घरी तिचे शेवटचे दिवस गेले. पोरगा भला. मीच त्याला धीर देत राहिलो आणि मिरच्यांची पिशवी तिथेच विसरून घरी आलो.

ताईनं डहाणूतल्याच एका गुजराती मुलाशी लग्न केलं आणि त्याच्या भावकीमागोमाग टेक्सासला गेली, मोटेल चालवायला. पहिल्यांदा आमच्या गावी, नरपडला परत आली तेव्हा तिचं इंग्रजी ऐकायला सगळी आळी जमली. आणि हिला इंग्रजीच येईना! शेजारची वहिनी तोंडाला पदर लावून हसली, "अगं, अमेरिकेतच राहतेस ना नक्की?" ताईला काडीची लाज नाही. "आमच्या बाजूला सगळे स्पॅनिशच बोलतात. रुळांच्या अलीकडे स्पॅनिश, पलीकडे इंग्रजी. पलीकडे मला काय काम? बँक आणि कोर्ट. ते तुमचे जावई बघतात." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तलासरीच्या पाड्यांवर जाऊन बघ ना रे बाळ्या, किती जण घरात तुझी मराठी बोलतात ते. कचेरीची भाषा काहीही असू दे, चुलीपाशी ज्याची त्याची."

खरं तर आम्हाला यात नवल वाटायला नको होतं. आमच्या चिकूच्या वाडीत मजूर वारली बोलणारे, व्यापारी गुजराती, सरकारी माणूस मराठी. आमच्या दादांची, म्हणजे वडिलांची, एक शिकवण होती. समोरच्याचं बोलणं कळलं नाही तरी आधी 'हो' म्हणायचं. माणूस खूश होतो, पुढे बोलतो आणि दोन वाक्यांत अर्थ आपोआप लागतो. ताई याच जोरावर स्पॅनिश शिकली. मार्ता नावाच्या शेजारणीला हो-हो करता करता ती तिच्यासोबत लोणची घालू लागली, मग तिच्याशी कडाकडा भांडूही लागली. "भांडता आलं की भाषा आली," असं म्हणायची.

भावोजी गेले. त्यांच्या अस्थी तिनं तिथल्याच नदीत सोडल्या. मूलबाळ नव्हतं, म्हणून नीरव तिला आपल्याकडे घेऊन गेला. तिथं आजूबाजूला स्पॅनिश बोलणारं कोणी नाही, घरातले सगळे दिवसभर कामावर. "इथं भांडायलासुद्धा कोणी नाही रे..." फोनवर म्हणायची. एकदा मी धीर करून विचारलं, उद्या काही झालं तर तुझं कुठे करायचं? इथल्या समुद्रात, की भावोजींच्या नदीत? "सांगीन," ती म्हणाली, "घाई आहे का तुला?"

मग तिला अर्धांगवायूचा झटका आला. मराठी गेली, गुजराती गेली. जीभ इतकी जड झाली होती की आता नुसती बडबड उरली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. नीरवनं व्हिडिओ कॉल लावून दिला. ती बडबड नव्हती. थांबून थांबून, एक बोट नाचवत ती मला काहीतरी सांगत होती, लहानपणी कामं सांगायची तशी. इथं आली की ती मार्ताशी फोनवर बोलायची, त्यामुळे ते स्पॅनिश आहे हे मी ओळखलं. पण तेवढंच. बोलून झाल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली. तिला उत्तर हवं होतं. आणि मी, दादांचा मुलगा, पटकन म्हणालो, "हो ताई. हो. तसंच करू." तिचा चेहरा सैल पडला. ती हसली आणि तिनं डोळे मिटून घेतले. मी पुढच्या दोन वाक्यांची वाट बघत होतो...

नीरवला मी ओरडूनच सांगितलं, अरे, स्पॅनिश येणारं कुणीतरी आण. दुसऱ्या दिवशी त्यानं ऑफिसातल्या एका बाईंना आणलं. तोवर ताईचं बोलणं थांबलं होतं. त्या बाई तिचा हात धरून थोडा वेळ बसल्या आणि गेल्या. पुढे मार्तालाही फोन लावला. आपल्यामागे काय करायचं, हे ताई तिलाही कधी बोलली नव्हती.

नीरव अस्थी घेऊन आला. आमच्यात अस्थी घरात नेत नाहीत, म्हणून कलश लाल फडक्यात बांधून वाडीच्या कडेच्या चिकूला टांगला. भटजी म्हणतात, "किती दिवस ठेवणार? समुद्र समोर आहे, सोडून मोकळे व्हा." नीरव म्हणतो, मामा, सांगाल तर परत नेऊन नदीत सोडतो. कदाचित ती अस्थींबद्दल बोलतच नसेल. मार्ताला काही निरोप असेल, भावोजींचं काही राहिलं असेल... लोक मला समजावतात, सुखानं गेली, हसत गेली. हसली ती माझ्या शब्दावर, हे त्यांना कसं सांगू? मजूर चिकू उतरवायला येतात, पण त्या झाडाला हात लावत नाहीत. त्याची फळं गळून तिथेच कुजतात. मी रोज झाडाखाली जाऊन उभा राहतो. शब्द तर दिलाय. पाळायचं काय, ते मला कधीच कळणार नाही.