ताईच्या सोयरिकीत सैतान

सैतानाला बोलावण्यासाठी मी नेमका ताईच्या सोयरिकीचा दिवस निवडला.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याच सुमाराची ही गोष्ट. भंडाऱ्यात आमच्या घरी कोशाच्या रेशमाचं विणकाम. आई, बाबा आणि ताई मागावर बसत, आणि मी नागपूरच्या फूटपाथवरून आणलेली जुनी इंग्रजी मासिकं वाचत बसे. त्यांत छापून आलं होतं की विलायतेतले मोठमोठे रॉकवाले सैतानाशी करार करतात, आत्मा गहाण ठेवतात, आणि त्यांची कॅसेट उलटी फिरवली की आतून सैतान बोलतो! घरात विलायती कॅसेट नव्हती, म्हणून मी होती ती उलटी फिरवली. सैतान काही बोलला नाही. टेप तुटली, आणि ती बाबांच्या भजनांची निघाली! (मग बाबा बोलले. ते काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.)

तरी माझी श्रद्धा ढळली नाही. केस खांद्यापर्यंत वाढवले, आईच्या काळ्या परकराचा झगा केला, छातीवर चुन्याने पंचकोनी तारा काढला, एक जुनी गिटार मिळवली आणि चुलतभाऊ गज्याला तेलाच्या रिकाम्या पिंपावर बसवून बँड काढला. गज्याला ठेका एकच यायचा, तोही देवीच्या मांडवात शिकलेला. आणि शंकाही एकच होती.

"पम्या, सैतान खरंच आला तं त्याले बसवाचं कुठं?"

इकडे ताईच्या दोन सोयरिकी मोडल्या होत्या. तिसरी आली आंबागडहून. धानाची शेती, माणसं चांगली, आणि मुलगा तर ताईला मनापासून आवडलेला. हे तिने फक्त मला सांगितलं होतं, तेही गळ्याची शपथ घालून. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे आमची जत्रा, भरते. दुपारभर दंडारीचं नाचगाणं आणि सोंगं, घरोघरी पाहुणे, आणि त्या गर्दीतच सोयरिकी जुळवून टाकायच्या, ही आमच्याकडची रीत. तसं आम्हाला आंबागडच्या मंडईचं बोलावणं आलं. निघताना आईने बजावलं, "पम्या, केस बांध अन् तोंड बंद ठेव." मी केस बांधले. झगा, गिटार, गज्या आणि पिंप मात्र टेम्पोत मागच्या बाजूला लपवले.

तिथे पोचलो तर दंडारीच्या मंडळींची गाडी वाटेत बंद पडलेली. लोक ताटकळलेले. मुलाचे वडील डोमाजी मंडईचे पुढारी, ते बाबांना म्हणाले, "तुमचा पोट्टा बाजा वाजवते म्हनते ना जी? होऊन जाऊ द्या दोन गाने!"

बाबांनी नको म्हणायला तोंड उघडलं, तोवर मी झगा चढवून मंचावर होतो!

गज्याने पिंप बडवायला घेतलं. मी केस सोडले, डोळे पांढरे केले, मान गरागरा फिरवली आणि पोटातून असा आवाज काढला की पुढची पोरं आयांच्या पदराआड गेली. मला वाटलं, जिंकली मंडई! तेवढ्यात मुलाची आई, सुमनबाई, उभी राहिली आणि ओरडली, "आलं वो माय! पोट्ट्याच्या अंगात आलं!"

पुढच्याच क्षणी माझ्या कपाळावर हळद, डोक्यावर कुंकू, पायाशी लिंबू आणि नाकाशी उदाचा धूर. मी "नाही, नाही" म्हणून मान हलवली.

"जोर करून राहिला! धरा त्याले!"

धुराने खोकला आला, तर तो हुंकार ठरला. गज्या भ्यायला आणि त्याने ठेका आणखी वाढवला. एका म्हाताऱ्याने पाय धरले. "देवा, माही म्हैस कुठं गेली?"

"तळ्याकडं!" सुटका व्हावी म्हणून मी ओरडलो. (भंडारा जिल्ह्यात म्हैस तळ्याकडेच असते, त्याला दिव्यदृष्टी लागत नाही.) म्हैस सापडली! मग काय, रांग लागली. कोणाला पोरगा हवा, कोणाची बोअर कोरडी. मी सगळ्यांना "होईल, होईल" म्हणत सुटलो. आणि रांगेत शेवटी हात जोडून उभी कोण? आमची आई!

"देवा, माहा एक पोट्टा आहे. मागावर बसत नाही, दिवसभर बोंबलते. तो कवा सुधरंल?"

"सुधरंल," मी खाली बघून म्हणालो.

"कवा?"

"उद्यापासून."

"आजपासून म्हन," आई दात आवळून पुटपुटली. मला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं.

पण खरी लाज पुढेच होती. चहाला सगळे बसले. सुमनबाई म्हणाली, "सगळं पसंत आहे जी. पन एक इचारतो. भावाच्या अंगात येते, तं पोट्टीच्याही येत असंल? ऐन रोवण्यात सून घुमाले लागली तं धान कोन रोवंल?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर परवडलं असतं, पण तिचे डोळे भरले होते. माझ्या सैतानापायी तिसरी सोयरीक मोडत होती. मी हळदीच्या तोंडाने उभा राहिलो.

"मावशी, माझ्या अंगात देव नाही, भूत नाही, काहीच येत नाही. मी पूर्ण शुद्धीवर होतो जी!"

सुमनबाईने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "शुद्धीवर? मंग ते मान फिरवनं, वरडनं?"

"मुद्दाम केलं जी. रोज करतो. सकाळ-संध्याकाळ."

ती नवऱ्याकडे वळली. "ऐकलं का जी? अंगात येत असतं तं चाललं असतं, उतारा करता येते. हा तं बारमाही असाच आहे!"

आता बाबा उठले. जन्मात खोटं न बोललेला माणूस! त्यांनी हात जोडले. "लाजून खोटं बोलून राहिला जी तो. देवच येते त्याच्या अंगात. आमच्या खानदानात पोरांच्याच येते, पोरींच्या नाही. पोराचं डोकं अगदी ठीक आहे."

सुमनबाईचा जीव भांड्यात पडला आणि साखर वाटली गेली.

ताई आज सुखात आहे. मलाही दरवर्षी आंबागडच्या मंडईचं मानाचं बोलावणं येतं. माझ्या अख्ख्या रॉक कारकिर्दीत दुसऱ्यांदा बोलावणारं हे एकच गाव! निरोपही ठरलेला असतो: "देवाले पाठवा, बाजा आनू नका."