नव्वद अंशांवरचा हात

प्रेमिलाबाई ठवकरांचा उजवा हात खांद्याच्या रेषेपर्यंत यायचा आणि तिथेच थांबायचा. आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत त्यांच्या नावापुढे पाच आठवडे एकच आकडा पडत होता. नव्वद अंश.

केंद्र म्हणजे मनीषनगरच्या एका ले-आउटमधल्या मोकळ्या जागेवरचा नागरिक मंडळाचा हॉल. आधी तो बारशांना आणि तेरवीला दिला जायचा. दोन वर्षांपूर्वी मंडळाने त्यात वजनकाटा, बीपीचं यंत्र, दोन सायकली आणि छताच्या हुकातून ओवलेला एक दोर आणून बसवला. सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी सातला धरमपेठेतून श्वेता नावाची फिजिओथेरपिस्ट स्कूटीवर येते. बावीस जण जमतात. कोणाचा गुडघा, कोणाची कंबर, शुगर तर बहुतेकांना. पुरुष पुढे आणि बायका मागे उभ्या राहतात. तसं कोणी ठरवलेलं नाही. पहिल्या दिवशी तसे उभे राहिले, ते राहिले. समोरच्या पूर्ण भिंतीला आरसा आहे. आपली पाठ वाकली की सरळ आहे, हे ज्याचं त्याला दिसावं म्हणून श्वेताच्याच सांगण्यावरून तो लावला.

प्रेमिलाबाई एकसष्ट वर्षांच्या. माहेर कन्हानचं. १९८३ साली लग्न होऊन आल्या तेव्हा या भागात तुरीची आणि संत्र्याची शेतं होती. ठवकरांच्या शेताचे घरांसाठी प्लॉट पडून ले-आउट झालं, पण दोन प्लॉट घरच्यांनी ठेवले आणि त्यावर दुमजली घर बांधलं. खाली प्रेमिलाबाई, मुलगा आणि सून मिनल. वर त्यांचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ रुपरावजी, वय अठ्ठ्याहत्तर, एकटेच.

लंबी रोटी ही प्रेमिलाबाईंची कला. सैल भिजवलेली कणीक आपटून आपटून तिला तार आणायची, मग दोन्ही हातांवर घोळवत कोपरापर्यंत लांबवायची आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर अलगद पसरायची. लग्नाच्या हंगामात अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये त्या पहाटेपासून बसायच्या. दिवाळीनंतर एक दिवस कणीक हातावर घेतली आणि खांदा आलाच नाही. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं की शुगरवाल्यांचा खांदा असा जखडतो. सहा आठवडे व्यायाम करा. उतार पडला नाही, तर भूल देऊन खांदा सोडवू.

भूल हा शब्द ऐकून प्रेमिलाबाई घरी आल्या त्या जेवल्या नाहीत. आठ वर्षांपूर्वी त्यांचा नवरा एका साध्या ऑपरेशनसाठी स्वतःच्या पायांनी चालत गेला होता. तो भुलीतून उठलाच नाही, परत आला तो ॲम्ब्युलन्समधून. सहा आठवड्यांत हात वर न्यायचाच, एवढं त्यांनी त्या रात्री ठरवलं.

हात जातही होता. रोज सकाळी शेडच्या मागच्या भिंतीवर त्या बोटं चढवायच्या, मुंगी चढावी तशी, आणि जिथे थांबतील तिथे डाव्या हाताने खडूची रेघ मारायच्या. रेघा वर सरकत होत्या. हॉलमध्ये मात्र हात नव्वदवर अडायचा, कारण हॉलमध्ये पुढच्या रांगेत रुपरावजी असायचे.

बेचाळीस वर्षांत प्रेमिलाबाईंच्या डोक्यावरचा पदर भासऱ्यांसमोर ढळला नव्हता, आणि त्या त्यांच्याशी थेट एक शब्द बोलल्या नव्हत्या. चहा झाला हे मुलाकडून कळवायचं, औषध संपलं हे मिनलकडून. ते अंगणात येताना दुरून खाकरायचे. तेवढ्यात पदर वर जायचा. यात कोणावर कोणाचा राग नव्हता. घराची रीत होती आणि दोघांना तिची सवय होती. आता उजवा हात वर नेला की पदर डोक्यावरून मागे घसरतो, आणि समोर एवढा मोठा आरसा. पाठ करून उभे असलेले रुपरावजी त्या आरशात बरोबर मागची रांग बघत असणार.

त्यांनी पदराला पिन लावून पाहिली. पिनेने पदर धरला आणि पदराने हात धरला, पुन्हा नव्वदच. श्वेताने ड्रेस घालून यायला सुचवलं, तर म्हणाल्या, "आता साठीनंतर मले नवं सोंग नको वं पोरी." खरं कारण सांगितलं नाही. सांगायचं तर रुपरावजींचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि त्या माणसाने तर कधी काही म्हटलं नव्हतं.

मिनलला कारण ठाऊक होतं. "आई, मोठे बाबांना काही वाटत नाही," ती म्हणायची. "माझ्या डोक्यावर कधी पदर असतो का?"

"तुह्यं वेगळं हाये. त्याईले वाटते का नाई वाटत, मले काय मालूम? मी कधी इचारलं नाई."

सहाव्या आठवड्याच्या बुधवारी श्वेताने कोन मोजायची पट्टी खांद्याला लावली, वहीत पाहिलं आणि सगळ्यांसमोरच म्हणाली, "काकू, हे काही पुढे सरकून नाही राहिलं. शुक्रवारी शेवटचं मोजते. नव्वदच आलं तर डॉक्टरांच्या नावाने पत्र देते. मग त्यांना जे करायचं ते ते करतील."

पुढच्या रांगेत रुपरावजी मान फिरवण्याचा व्यायाम करत होते. ते मध्येच थांबले.

गुरुवारी सकाळी प्रेमिलाबाई भिंतीवर बोटं चढवत होत्या. पदर खांद्यावर होता. मागे खाकरल्याचा आवाज आला, पण दुरून नाही, जवळून. त्यांनी घाईने पदर ओढला. रुपरावजी शेडच्या कोपऱ्यापाशी उभे होते. ते प्रेमिलाबाईंकडे बघत नव्हते. भिंतीकडे बघत होते, एकावर एक चढत गेलेल्या खडूच्या रेघांकडे. मग वळून जिना चढून गेले.

संध्याकाळी ते अंगणात खुर्ची टाकून बसले. मिनल समोर वांगी चिरत होती. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि प्रेमिलाबाई आत ओट्यापाशी होत्या.

"मिनल, मांगच्या भितीवर रेघा कोणं मारल्या वं?"

"आईंनी. हात किती वर जातो ते बघतात."

"सगळ्यात वरची रेघ माह्या डोक्याच्या वर हाये."

"हो."

"अन् तिकडं ते पोरगी म्हणते, हात खांद्याच्या वर जात नाई."

मिनलने एक वांगं जास्तच बारीक चिरलं.

"मले त्या आरशात सगळं दिसते," रुपरावजी म्हणाले. "मले वाटे, दुखत असंल."

"मोठे बाबा, मी सांगू का?"

"नको सांगू. समजलं." मग म्हणाले, "तुह्या सासूले सांग, उद्यापासून मी समोर उभा नाई राहत."

मिनल सवयीने उठून दारापर्यंत आली. "आई, मोठे बाबा म्हणतात की..."

"ऐकलं मी," प्रेमिलाबाई आतून म्हणाल्या. "बहिरी नाई झाली अजून."

त्या रात्री त्यांना बरं वाटलं. ते येणार नाहीत किंवा कोपऱ्यातल्या सायकलवर बसतील, असं त्यांनी धरलं होतं.

शुक्रवारी रुपरावजी सात वाजता हॉलमध्ये आले, पुढच्या रांगेपर्यंत गेले, थांबले, आणि वळून पार मागे बायकांच्या रांगेच्याही मागे भिंतीला टेकून उभे राहिले. आरशापासून लांब जायचं एवढाच हिशेब त्यांनी केला होता. आपण कोणाच्या मागे जाऊन उभे राहतो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

बाकीच्यांच्या आलं. कुसुमताई नावाच्या निवृत्त शिक्षिका मागच्याच रांगेत असतात. त्यांनी मान वळवून विचारलं, "रुपरावजी, बायकाइच्या मांगं तुमचं काय काम हाये?"

"समोर पंख्याची हवा लागते."

"पंखा तं बंद हाये."

पुढचे पुरुष हसले. रुपरावजींचे कान लाल झाले, पण ते हलले नाहीत. एकदा ठरवलं की ठरवलं, असा त्यांचा स्वभाव होता. इकडे मागच्या रांगेतल्या बायकांचे हात एकेक करून पदराकडे गेले. ज्या कधी डोक्यावर पदर घेत नाहीत, त्यांनीही घेतला. पाठीमागे म्हातारा माणूस उभा आहे म्हटल्यावर कोणालाच मोकळेपणाने हात वर करवेना. श्वेताने "वर, अजून वर" म्हटलं आणि अख्खी रांग खांद्यापाशी थांबली.

"आज मागच्या लाइनला काय झालं?" ती म्हणाली. "ठीक आहे. प्रेमिलाकाकू, या, आधी तुमचं मोजून घेऊ." तिच्या दुसऱ्या हातात डॉक्टरांच्या नावाचं कोरं पत्र होतं.

प्रेमिलाबाईंनी आरशात पाहिलं. आरशात आपण, आपल्यामागे भिंतीला टेकलेले भासरे. त्यांची मान खाली. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. आपल्याला मदत करायला आलेला हा माणूस असाच रोज तिथे उभा राहील, हे त्यांना स्पष्ट दिसलं. त्याच्या मानेचा व्यायाम जाईल, आपला हात जाईल, आणि कोणी कोणाला काही म्हणणार नाही. मध्ये सांगायला मिनलही नव्हती. ती घरी डबे भरत होती.

त्या वळल्या.

"मोठे बाबा," त्या म्हणाल्या. आवाज वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "तुमी समोर व्हा. तुमच्या जाग्यावर."

रुपरावजींनी मान वर केली. उत्तर कोणाकडे पाठवावं हे न कळून त्यांनी आधी श्वेताकडे पाहिलं, मग कुसुमताईंकडे. शेवटी जमिनीकडे बघून म्हणाले, "तिथं आरसा हाये."

"असू द्या. मले हात वर करा लागते."

ते भिंत सोडून निघाले. रांगांच्या कडेने पुढे गेले आणि आपल्या नेहमीच्या फरशीवर उभे राहिले. हॉलमध्ये फारसं कोणाला काही विशेष घडल्यासारखं वाटलं नाही. एका म्हाताऱ्याला जागेवर पाठवलं, एवढंच.

प्रेमिलाबाईंनी हात उचलला. नव्वदपाशी पदर ताणला गेला, मग डोक्यावरून सरकला आणि खांद्यावर पडला. आरशात त्यांना आपला भांग दिसला. केस वाटले होते त्यापेक्षा बरेच विरळ झाले होते. पुढच्या रांगेत रुपरावजी मान डावीकडे, उजवीकडे फिरवत होते. मान आरशासमोर आली की नजर थेट स्वतःच्या गुडघ्यांकडे वळवत होते.

हात थांबला तिथे श्वेताने पट्टी लावली. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

"एकशे सव्वीस. काकू, बुधवारी तर नव्वद होता."

"बुधवारी पदर होता."

श्वेताने त्यांच्या खांद्यावरच्या पदराकडे पाहिलं, मग पुढच्या रांगेकडे. वहीत आकडा लिहिला आणि कोरं पत्र वहीच्या मागे सरकवलं.

"सुटली मी?"

"आज सुटलात. पण दीडशे लागतात. मी डॉक्टरांशी बोलून तीन आठवडे मागून घेते. त्यात झालं नाही तर मात्र माझा इलाज नाही." तिने छतावरून लोंबणारा दोर ओढून त्यांच्या हातात दिला. "आता इथून पुढे मी दाबणार. दुखेल."

"दाब."

श्वेताने दाबलं. प्रेमिलाबाईंनी दात आवळून मोजायला सुरुवात केली. वीसपर्यंत जायचं होतं. सोळाला त्या म्हणाल्या, "थांब वं, जरा दम घेऊ दे," आणि दम घेऊन पुढचे चार पुरे केले.