आवतणाचे आंबे

राही बोलायला लागली की वाडीतले पुरुषसुद्धा विडी हातात तशीच धरून ऐकत बसत. आवाज मोठा होता म्हणून नव्हे. तिला अर्ध्यावर थांबवणं कुणाला जमत नसे, म्हणून. दिघीच्या खाडीपासून थोडं आत, डोंगराच्या पायथ्याशी कुणब्यांची वाडी होती. तिथलं अगदी शेवटचं घर तिचं. भाताची लहानशी खाचरं, एक बैलजोडी, म्हातारी सासू आणि नवरा रघू. मूलबाळ नव्हतं. त्याचं रडगाणं तिनं कुणाच्या ओटीवर कधी गायलं नाही. सकाळी तुळशीला पाणी घालताना देवाशी जे काय बोलायचं ते बोलून घ्यायची, आणि पदर खोचून कामाला लागायची.

रघू दिसायला किरकोळ, पण झाडावर चढावं तर त्यानंच. उंच माडावर असा जाई, जसा दुसरा माणूस उंबरठा ओलांडतो. पण त्या चढण्याचा उपयोग काय? भात झोडून झालं की पाऊस पडेपर्यंत वाडीतल्या कुणाच्याच हाताला काम नसे. माणसं ओटीवर बसत, पत्ते कुटत, बायकांवर डाफरत आणि शेवटी कंटाळून एकेक जण मुंबईच्या लाँचमध्ये चढे. रघूही एकदा गेला होता, गिरणीत. परत आला तो खोकला घेऊन. राहीनं अडुळशाचा काढा पाजून पाजून त्याला उभा केला. आता जरा अंग धरलं, तर पुन्हा त्याचं सुरू झालं होतं, ‘‘हे पंधरा दिस गेले की मी चाललो. हितं बसून माशा मारू काय?’’

राहीला ठाऊक होतं, या खेपेला गेला तर चालत परत येणार नाही. सासूला ती तसं म्हणाली नाही. तुळशीला म्हणाली.

आणि मजा अशी, की काम तर समोरच होतं. वाडीच्या वरच्या अंगाला खोतांची आंब्याची बाग होती. खोती जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. मोठे खोत वारले, मुलगे पुण्याला गेले आणि बागेकडे आता मोठ्या खोतांची बायको, माई, एकटी बघत होती. त्या साली, म्हणजे त्रेपन्न साली, झाडं नुसती लगडली होती. पण उतरवायला माणूस मिळेना. राही माईंकडे भात कांडायला जाई, तेव्हा हे तिच्या डोळ्यांसमोर चाललं होतं.

माईंच्या बाळाजी कारकुनानं काय करावं? तो सकाळी वाडीच्या गडग्याशी, दगडी कुंपणाशी, जाऊन उभा राहिला आणि तोंडाशी हात धरून ओरडला, ‘‘घरटी एक माणूस! बागेत चला होऽऽ, घरटी एक माणूस!’’

वेठीच्या दिवसांत खोताचा माणूस हीच हाक घालत असे. त्या हाकेनं माणसं आपलं शेत टाकून खोताच्या बागेत फुकट राबायला गेली होती. रघूचा बाप तर ताप अंगात असताना गेला होता. बाळाजीला वाटलं, आपण मजुरीसाठी बोलावतोय, लोक धावत येतील. जन्मभर तेच ओरडत आला होता, दुसरं त्याला सुचणार तरी काय? वाडीतली दारं पटापट लागली. एका दाराआडून वाडीतली काशी तेवढी ओरडली, ‘‘मेल्या, घरटी एक कुत्रं हाय, न्यायचं तर ने!’’

वाडीभर हसू पिकलं. बाळाजी पाय आपटत परत गेला आणि माईंना म्हणाला, ‘‘माजलेत. रत्नागिरीकडची टोळी मागवतो. आठवड्यात येतील.’’

राहीच्या हातातलं मुसळ थांबलं. टोळी आली की या सालचं काम गेलं, आणि रघूही गेला. ती सरळ ओसरीवर गेली.

‘‘माई, टोळी नगा मागवू. मी आणते मानसं.’’

‘‘तू? अगं, खोतांच्या नावानं तुझा नवराच सर्वांत जास्त ओरडतो म्हणे.’’

‘‘ओरडतो म्हणूनच. त्यो आला तर सगळी येतील. पण तुमाला माझं दोन गोष्टींत ऐकावं लागंल.’’

माई साठीच्या होत्या. बोलायला फटकळ, पण समोरचा सरळ बोलला तर त्यांना राग येत नसे. ‘‘सांग,’’ त्या म्हणाल्या.

‘‘पहिली तोड भैरोबाची. आजवर पहिली पाटी तुमच्या घरी चढली, देवाला मागनं. औंदा देवाला आदी. आणि दुसरं म्हंजे हाक घालायची न्हाय. आवतण द्यायचं. अक्षत घेऊन घरोघर जायचं. तुमी सोता.’’

बाळाजीनं कानावर हात ठेवले. खोतांच्या घरची बाई गडग्याच्या आत? कधी झालं नव्हतं. माई म्हणाल्या, ‘‘मी विधवा बाई, अक्षत कशी देऊ?’’

‘‘ताट मी धरीन. तुमी निस्ते हात जोडा.’’

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत त्या दोघी निघाल्या. पहिली अक्षत भैरोबाला ठेवली. मग घरं. पुढे राही, हातात कुंकवानं माखलेल्या तांदळांचं ताट. मागे माई, पांढऱ्या लुगड्यात, अनवाणी. दारं आधी किलकिली झाली, मग उघडली. माई प्रत्येक दारात हात जोडून म्हणत, ‘‘परवा देवाचा आंबा उतरवायचा आहे. सगळ्यांनी यायचं बरं का.’’ काशी, जिनं कुत्रं न्यायला सांगितलं होतं, ती पदर डोक्यावर घेऊन बाहेर आली आणि तिच्या तोंडून नुसतं ‘‘व्हय जी’’ एवढंच निघालं. वाडीतला म्हातारा कान्हा तर काठी टेकत उठला आणि त्यानं माईंना बसायला पाट दिला.

राहीच्या स्वतःच्या दारात रघू पाठ करून बसला होता. राहीनं अक्षत त्याच्यापुढे ठेवली. त्यानं ती उचलली नाही आणि ढकललीही नाही.

‘‘माझ्या बापाचा घाम हाय त्या बागेत,’’ तो म्हणाला.

‘‘मंग बागेवर खोतापेक्षा तुमचाच हक्क जास्ती,’’ राही म्हणाली. ‘‘देवाचं आवतण हाय. नगं म्हनायचं तर भैरोबाला जाऊन सांगा, मला नगं.’’

ठरल्या दिवशी पहाट फुटता फुटता वाडी बागेत हजर. बायका धुतलेल्या लुगड्यांत, पुरुष खांद्यावर आपापले झेले घेऊन. लांब बांबू, टोकाला जाळी आणि पातं, तेच ते. आणि सगळ्यांच्या मागून, कुणाशी न बोलता, रघू. तो जो बागेतल्या सर्वांत उंच झाडावर चढला, तो ऊन तापेपर्यंत उतरलाच नाही. खाली राही पाटी धरून उभी. झेल्यातून आंबा अलगद पाटीत उतरे, देठासकट, चिकाचा थेंब न सांडता. बायकांनी गाणी म्हटली. काशीनं बाळाजीला पाट्या उचलायला लावल्या आणि त्यानं उचलल्याही. पहिली पाटी वाजतगाजत भैरोबापुढे गेली. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, ‘‘बा भैरवा, ही पोरं झाडाव चढतात, त्यांचे पाय घट्ट ठेव.’’ राहीनं डोळे मिटून हात जोडले. काम फत्ते झालं असंच तिला वाटलं.

संध्याकाळी माई मजुरीची पिशवी घेऊन ओसरीवर आल्या. कुणी पुढे होईना.

‘‘घ्या की,’’ राही म्हणाली. ‘‘लाजता काय?’’

कान्हा म्हातारा घसा खाकरून बोलला, ‘‘राही, आवतणाला आलेल्या मानसाला कुनी पैका देतं व्हय? लग्नात जेवून आल्यावर हात पुढं करतं कुनी? अक्षत दिलीस, आमी आलो. आता मजुरी दावून आमची शोभा करतेस?’’

सगळ्यांनी माना डोलावल्या. लोकांना खरोखरच वाईट वाटलं होतं. बाळाजी मात्र हळूच हसला आणि माईंच्या कानाशी लागला, पण आवाज काही त्याला आवरला नाही, ‘‘बरंच झालं. असंच रोज आवतण देऊ. फुकटात बाग उतरेल.’’

ते रघूनं ऐकलं. तो राहीकडे वळला. ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. ‘‘बघितलंस? बापाला हाक घालून राबवला, मला कुंकू लावून. निस्तं गोड केलंस, बाकी वेठ ती वेठच.’’ आणि झेला खांद्यावर टाकून तो चालू लागला.

तो खरं बोलत होता. माणसं यावीत एवढ्याच एका ध्यासात, पाहुणा मजुरी घेत नाही, ही आपल्याच वाडीची रीत तिच्या ध्यानात राहिली नव्हती. उद्या पुन्हा अक्षत दिली तर फुकटचं राबणं, न दिली तर कुणी येणार नाही. तिनं एकदा देवळाच्या दिशेला पाहिलं. मग पाटी उलटी ठेवून तिच्यावर चढून उभी राहिली.

‘‘थांबा! कुनी जायचं न्हाय. तुमी बी थांबा,’’ हे रघूसाठी. तो थांबला, पाठमोराच.

‘‘कान्हातात्या म्हनतात ते खरं. आज तुमी पावणे. पावण्याला मजुरी न्हाय. पन आजचं काम देवाचं होतं, तर आजची पिशवीबी देवाची. देवळाची कौलं फुटलीत, ती शाकारा. माई, चालंल?’’

माईंनी पिशवी तिथल्या तिथे गुरवाच्या हातात दिली. बाळाजीचं तोंड बघण्यासारखं झालं.

‘‘आणि आवतण हितं संपलं,’’ राहीचा आवाज आता चढला. ‘‘उद्या अक्षत न्हाय आणि हाकबी न्हाय. मी कुनाच्या दारात येनार न्हाय. बोलवून नेलेला मानूस एक तर पावना, न्हायतर वेठीचा. कामाचा मानूस आपल्या पायानं जातो, आणि जाऊन पयलं इचारतो की देनार किती. ज्याला गरज हाय त्यानं यावं. न्हाय आलात तर मी एकटी झेला घेऊन उभी ऱ्हाईन, आणि ही बाळाजीची टोळी येऊन तुमच्यासमोर तुमचं काम करंल!’’

‘‘तू झेला धरनार?’’ काशी म्हणाली. ‘‘आंबे डोक्यावर घेशील, बाई.’’

कुणीतरी हसलं. आणि सगळे पांगले. रघू घरी जेवला, झोपला. उद्या येणार का, ते राहीनं विचारलं नाही. उद्या हाक नाही म्हणजे नाही. नवरा झाला म्हणून काय झालं?

सकाळी तो झोपेत असतानाच ती निघाली. बागेच्या बेड्याशी, आडव्या बांबूंच्या त्या फाटकाशी, जाऊन बसली. माई बाळाजीला घेऊन आतून आल्या आणि तिच्याशेजारी पायरीच्या दगडावर बसल्या. आधी काशी आली, मग तिची जाऊ. मग पुरुष, एकेकटे, जसे काही इकडून सहज चालले होते. बेड्यापाशी येऊन सगळे घुटमळले. आत कुणी पाऊल टाकेना. हाक मारल्यावर आत जायचं त्यांना ठाऊक होतं. न बोलावता जायची सवयच नव्हती.

तेवढ्यात मागून रघू आला. राहीकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ बाळाजीसमोर जाऊन उभा राहिला.

‘‘काय कारकून, रोज काय द्याल?’’

बाळाजी भांबावला. या बेड्याशी आजवर कुणी त्याला असं विचारलं नव्हतं. त्यानं माईंकडे पाहिलं. माईंनी आकडा सांगितला.

‘‘झाडावर चढनाऱ्याला त्याच्यावर थोडं पायजे,’’ रघू म्हणाला. ‘‘जीव टांगलेला असतो.’’

‘‘देईन.’’

‘‘बायकांना?’’

राहीनं मान वर केली. हे तिनं त्याला शिकवलं नव्हतं.

‘‘त्यांनाही देईन की,’’ माई म्हणाल्या.

‘‘किती ते बोला. दिवसभर पाट्या त्याच उचलतात. आणि दुपारी जेवायला घरी जानार. ऊन उतरलं की परत. संध्याकाळी दिवा लागायच्या आत सुटी.’’

माईंनी तोही आकडा सांगितला. ‘‘अजून काही?’’ त्यांच्या ओठांवर हसू येऊ पाहत होतं.

रघूनं मागे वळून वाडीकडे पाहिलं. ‘‘कान्हातात्या, अजून काय ऱ्हायलं?’’

‘‘प्यायचं पानी,’’ म्हातारा काठीवर रेलून म्हणाला. ‘‘झाडाखाली घागर पायजे. आमच्या वक्ताला कुनी इचारलं न्हाय.’’

‘‘ऐकलंत ना बाळाजी?’’ माई म्हणाल्या. ‘‘घागर भरून आणा.’’

रघूनं बेड्याचा वरचा बांबू स्वतःच्या हातानं सरकवला आणि आत गेला. त्याच्यामागे सगळी वाडी. जाता जाता तो राहीला म्हणाला, ‘‘ऊठ की. पाटी कोन धरंल, तुझी सासू?’’

राही उठली, लुगडं झटकलं आणि काशीला म्हणाली, ‘‘चल गं, ऊन व्हायच्या आत मधली रांग उतरवू. आणि संध्याकाळी पैसे घेताना मागं सरलीस ना, तर बघ.’’