सोमवारी आलेलं पाकीट

सुदर्शनला बायकोचा हेवा वाटायचा, आणि असा माणूस आपल्याला हेवा वाटतो हे कधी कबूल करतो थोडाच! दोनदा अमेरिकेला जाऊन आलेला गडी. नारायण पेठेतल्या त्यांच्या इमारतीत पहिलं इंटरनेट त्याच्याकडे आलेलं. कुणाचं व्हिसाचं अडलं, कुणाचा मुलगा इंजिनिअरिंगला जायचा म्हणाला, की सगळे त्याच्याच दारात. दहा वर्षं त्याने हा मान मिरवला.

मग २००६ साली भाग्यश्रीने पस्तिशीत फॉरेन्सिक सायन्सच्या एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. लग्नाआधी तिची केमिस्ट्रीची बी.एस्सी. झालेली होती. "कर की, तेवढाच तुझा वेळ जाईल," असं उदारपणे म्हणणारा सुदर्शनच होता.

गुन्हे कसे उघडकीला येतात हे ऐकायला लोकांना किती आवडतं, ते त्याला नव्या गाडीच्या दिवशी कळलं. गाडी आली म्हणून त्याने सत्यनारायण घातला, पन्नास माणसं बोलावली. गाडी खाली हार घालून उभी, आणि पाहुणे वर भाग्यश्रीपुढे रांग लावून. तिला प्रॅक्टिकलसाठी बोटांचे ठसे हवे होते. प्रसादाच्या शिऱ्याचे तुपकट हात धुऊन जो तो बोटं काळी करून घेत होता. हिंमतरावकाकांच्या नऊ बोटांवर चक्रं निघाली, तर ते राज्याभिषेक झाल्यासारखे ताठ बसले. मग कुणी विषप्रयोगाचं विचारलं, कुणी खोट्या मृत्युपत्राचं. गाडीबद्दल एकाच पाहुण्याने विचारलं, आणि तेही, जरा मागे घेता का, आमची स्कूटर अडकलीय, म्हणून.

शेवटी सुदर्शननेही अंगठा पुढे केला. भिंगातून पाहून ती म्हणाली, "शंख. साठ टक्के ठसे असेच असतात."

ती शास्त्र सांगत होती, पण त्याला ते झोंबलं आणि झोंबतच राहिलं. चुका शोधण्याचा तर त्याला पगार मिळायचा, पण सॉफ्टवेअरमधल्या. त्या ऐकायला त्याची आई, इंदुबाई, सुद्धा थांबत नसे.

दुसऱ्या वर्षी भाग्यश्रीने नागपूरच्या एका प्रयोगशाळेत सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी अर्ज केला. सगळ्या वर्गातून एकालाच घेणार होते. सोमवारी खालच्या टपालपेटीत सुदर्शनला त्या अर्जाच्या उत्तराचं पाकीट मिळालं. भाग्यश्री कॉलेजात होती, इंदुबाई भजनाला. त्याने चहाचं आधण ठेवलं आणि पाकीट वाफेवर धरलं. आपण काय करतोय हे त्याला चांगलं कळत होतं. निवड झाली होती. शनिवारपर्यंत होकार कळवावा, नाहीतर जागा दुसऱ्याला.

त्याने पाकीट डिंकाने चिकटवून लॅपटॉपच्या बॅगेत टाकलं. उद्या देऊ, म्हणाला. मंगळवारी जेवताना तिने रक्ताच्या डागांवर असं काही सांगितलं की आई घास हातात धरून ऐकत बसली, म्हणून नाही दिलं. गुरुवारी काकांचा फोन त्याने उचलला, तर काका म्हणाले, "तू राहू दे, भाग्यश्रीला दे." मग तर नाहीच दिलं. शुक्रवारी ती बॅग कंपनीच्या बसमध्ये मांडीवर धरून तो हिंजवडीला गेला आणि तशीच परत घेऊन आला. आणखी एक दिवस गप्प बसलं की झालं.

पण रोज दोनदा टपालपेटी बघणारी भाग्यश्री बुधवारनंतर खाली जायचीच थांबली होती. तिने आशा सोडली, असं त्याला वाटलं. याचा आनंद व्हायला हवा होता, तो काही केल्या होईना.

शनिवारी सकाळी "आत्ताच आलं बघ" हे वाक्य घोकत तो स्वयंपाकघरात गेला. ती पोहे भिजवत होती. वाक्य तोंडातून फुटेना.

"सोमवारी आलंय," तो म्हणाला. "मी उघडलं होतं."

भाग्यश्रीने हात पुसले, पाकीट उलटं करून चिकटवलेली कड पाहिली आणि न उघडताच ओट्यावर ठेवलं. बुधवारीच आपण नागपूरला फोन केला होता, असं तिने सांगितलं. निवड झाल्याचं तिथे कळलं, होकार तिने तेव्हाच देऊन टाकला. पत्र कुठे असेल याचाही अंदाज तिला होता.

"मग मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही खोटं बोलला असतात," ती म्हणाली. "आणि मग ते मला जन्मभर माहीत राहिलं असतं."

तिने फोडणीत मोहरी टाकली. सुदर्शनला भयंकर लाज वाटली. तिच्या जागी तो असता तर पहिल्याच संध्याकाळी त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. एवढं कळूनही, तिने पोह्यांची बशी पुढे केली तेव्हा त्याला तिचा आजवर कधी वाटला नव्हता इतका हेवा वाटला.