म्हशीच्या ढेपेतल्या गोळ्या

आमच्या तापीकाठच्या गल्लीत जमनाबाईंना विचारल्याशिवाय कुणी शिंकतसुद्धा नाही. घरात कुणाचंही औषध उरलं की ते त्यांच्या बिस्किटांच्या डब्यात जातं आणि तिथून गल्लीभर वाटलं जातं. तारीख वाचायची पद्धत नाही, रंग पाहायचा. पांढरी तापावर, लाल अशक्तपणावर, आणि काय होतंय तेच कळत नसेल तर पिवळी.

गेल्या आठवड्यात सून दामिनीनं डबा पालथा केला. "आई, निम्म्या गोळ्यांची मुदत गेलीय. फेकून देऊ."

फेकणं जमनाबाईंना मंजूर नाही. म्हणाल्या, "मी लावते वाटेला." शिळी भाकर म्हशीला, उरलेली खिचडी म्हशीला, मग शिळ्या गोळ्या कुणाला? दिल्या ढेपेत, म्हणजे सरकीच्या पेंडीत, कालवून.

सकाळी म्हैस उठेना. रवंथ बंद, मान जमिनीला. म्हैस म्हणजे बाईंचा जीव. नवऱ्याच्या आजारपणात त्या इतक्या रडल्या नव्हत्या. हे मी नाही म्हणत, खुद्द नवरा, धुडकूभाऊ, सांगत फिरतात. गुरांचे डॉक्टर आले. पाठोपाठ गल्ली आली, कारण अशा वेळी आपल्याकडे कुणालाच काम नसतं.

"काय खाल्लं हिनं?"

"चारा, ढेप. रोजचंच."

"खरं सांगा. उशीर झाला तर हातची जाईल."

जमनाबाईंनी म्हशीकडे पाहिलं, मग गल्लीकडे. बोलावं तर डॉक्टरकी जाते, न बोलावं तर म्हैस. शेवटी पदराआडून पुटपुटल्या, "गोया दिध्यात. तारीख गयेल व्हती त्यासनी."

डॉक्टरांनी रिकामी पाकिटं पाहिली, इंजेक्शन दिलं, नळीनं औषध पाजलं. दुपार कलताना म्हैस उठली आणि पहिली लाथ बादलीला घातली.

तेव्हा कुठं शेजारच्या छगनला कंठ फुटला. "काकी, मले काल पिवयी दिन्ही व्हती, ती कधीनी?"

"तुले काय व्हयनं? उभा शे ना."

"म्हैसबी काल उभीच व्हती."

संध्याकाळपर्यंत उशांखालच्या, देव्हाऱ्यातल्या, धोतराच्या गाठीतल्या गोळ्या परत आल्या. दामिनीनं पिशवी भरून तालुक्याच्या औषधवाल्याकडे नेली. नष्ट करायची सोय त्याच्याकडे आहे म्हणे. जमनाबाई ओट्यावर पाठ फिरवून बसल्या होत्या.

दोन दिवसांनी गल्लीतली मोतीबाई डोकं धरून आली. जमनाबाई म्हशीला खरारा करत होत्या. वळूनही न पाहता म्हणाल्या, "दामिनीले इचार. तिले वाचता येस."