लिलावात घेतलेली मोटार

आमच्या गावातल्या एका व्यापाऱ्याचं दिवाळं निघालं आणि कोर्टाने त्यांची मोटार लिलावात काढली. मी तेव्हा नवा डॉक्टर होतो. खेड्यांतल्या रोग्यांकडे बैलगाडीने पोचायला अर्धा दिवस जाई, म्हणून मी बोली लावली. मोटार मला मिळाली, पण चालवता कुठे येत होती? मी नुसता तिच्याजवळ उभा राहिलो. तेव्हा ते व्यापारीच पुढे आले.

"डॉक्टर, शेजारी बसा," ते म्हणाले. "उतारावर हिचा ब्रेक उशिरा लागतो, तेवढं दाखवून ठेवतो."

मला त्यांच्याकडे बघवेना. आठवडाभर त्यांनी मला मांडवी बंदराच्या रस्त्यावर शिकवलं. पुढे ते नोकरीसाठी मुंबईला निघाले, तेव्हा बोटीपर्यंत त्यांना मीच मोटारीने सोडलं.