पाव भाजणारीचं आडनाव

मी तिच्यावर जळायचे, हे आधीच सांगून टाकते. नौपाड्यातल्या ज्या मुलींच्या शाळेत मी शिकवत होते, तिथे ती आली आणि मॅट्रिकच्या वर्गाचं इंग्रजी माझ्याकडून काढून तिला दिलं. का, तर तिचे उच्चार चांगले! मी बी.ए. झालेली, ती नुसती मॅट्रिक. पण तिचं आडनाव होतं बॅक्स्टर. इंग्रज देश सोडून गेले, तरी त्यांच्या आडनावांचा दरारा काही गेला नव्हता. आमच्या मुख्याध्यापिका ते आडनाव खडीसाखर चघळावी तसं सावकाश उच्चारायच्या. माझं मात्र एका दमात उरकायच्या.

ती कल्याणच्या रेल्वे वसाहतीतून यायची. वडील इंजिन ड्रायव्हर. फ्रॉक, मोजे, कापलेले केस, आणि मुली सदान्‌कदा तिच्या मागेमागे. एकीनं तर मला विचारलं, "बाई, आपल्यात अशी छान आडनावं का नसतात हो?" मी तिला बाकावर उभं केलं.

त्याच वर्षी माझं लग्न ठरलं. मुलगा डोंबिवलीचा, सेक्रेटरिएटमध्ये नोकरीला. माणसं चांगली होती, नाही म्हणायला जागा नव्हती. पण बैठकीतच सासूबाईंनी माझ्या आईला सांगितलं, "आमच्यात मुलीचं नाव बदलतात हं," आणि नवं नावही सांगून टाकलं. आडनाव जाणार हे मला ठाऊकच होतं, त्याचं काही वाटलं नव्हतं. पण नाव? ज्या नावानं मला शाळेत बक्षिसं मिळाली, ज्या नावानं वडील अंगणातून हाक मारायचे, ते जाणार? आणि त्याच्या बदल्यात हे असलं जुन्या वळणाचं, आलवणातल्या बायकांना शोभेलसं? मी आईजवळ रडले. आई म्हणाली, "अगं, सगळ्यांचंच बदलतं. माझं नाही बदललं?" मग मी हिय्या करून होणाऱ्या नवऱ्याला विचारलं. ते म्हणाले, "आईनं आजवर कधी कशाचा हट्ट धरला नाही. या नावाचाच काय तो धरलाय. तिचं मन कसं मोडू?" कपाळ माझं! पुढे बोलणार काय?

तो सगळा राग निघाला बॅक्स्टरबाईवर. हिचं नाव कोणी पुसणार नव्हतं. लग्न झालं तर आडनाव जाईल, पण नाव राहीलच. माझ्या हातात काहीच नाही आणि हिचं सगळं शाबूत, हे मला बघवेना.

आमच्या आळीत एक निवृत्त हेडमास्तर राहायचे. इंग्रजीचा त्यांना फार नाद. मी त्यांना गाठलं आणि विचारलं, "आजोबा, बॅक्स्टर म्हणजे काय हो?" ते हसले. म्हणाले, "म्हणजे भटारी. पाव भाजणारा." मला कोण आनंद झाला! आमच्या घरात तेव्हा पाव उंबऱ्याच्या आत यायचा नाही. पावाचा तुकडा विहिरीत पडून गावंच्या गावं बाटल्याच्या गोष्टी आजी आम्हाला सांगायची. मी उठायला लागले, तर ते म्हणाले, "थांब, पुरतं ऐक. भाजणारा नव्हे, मुळात भाजणारी. तिकडे फार पूर्वी हे काम बायकांचं, त्यांना तो शब्द होता. पुढे पुरुष ते काम करू लागले, तरी शब्द तोच राहिला. मग मुलंनातवंडं तेच आडनाव लावायला लागली. एका बाईच्या कामाचं नाव शेकडो वर्षं बाप्ये मिरवतायत बघ."

घरी येईपर्यंत माझा आनंद पार विरून गेला. म्हणजे तिथेही तिचीच सरशी!

तरी दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर मी अर्धंच सांगितलं. म्हटलं, "कळलं का, आपल्या बॅक्स्टरबाईंचं आडनाव म्हणजे पाववाले!" सगळ्या फिसकन हसल्या. ती मात्र खुलली. तिचं मराठी कल्याणच्या यार्डात शिकलेलं. म्हणाली, "तुला कुठं समजलं? पाववाला नाय गं, पाववाली! माझे डॅडी सगळ्यांना सांगतात. बाईचं नाव हाय ते."

"तुमचं बरं आहे बाई," मी फणकारले.

"काय बरं?" ती म्हणाली. "इथं लाइन टाकत होते तवा डॅडींचा आजोबा आला. लगीन त्यानं इथल्याच बाईशी केलं. ठाण्याची की कल्याणची, ते पण म्हाईत नाय. पाद्र्यानं तिला दुसरं नाव दिलं. कबरीवर तेच हाय. आधीचं काय होतं, आमच्यात कोणालाच ठाऊक नाय. तू इथली ना? सांग, काय असेल तिचं नाव?"

मला वाईट वाटायला हवं होतं. पण मनात आलं, मेलीला दुःखसुद्धा ऐटबाज मिळालंय!

लग्न ठाण्याला झालं. संध्याकाळी डोंबिवलीला गृहप्रवेश, लक्ष्मीपूजन. कल्याणला जाता जाता उतरते म्हणून बॅक्स्टरबाई तिथेही हजर. पाटासमोर तांदळानं भरलेलं ताट ठेवलं. नवऱ्यानं बोटातली अंगठी काढली आणि तांदळात ते नाव कोरलं. सासूबाईंनी ते मोठ्यानं म्हटलं. पेढे वाटायला सुरुवात झाली. मी मान खाली घालून माझ्या नव्या नावाकडे बघत होते आणि डोळ्यांतलं पाणी ताटात पडू नये म्हणून धडपडत होते.

बॅक्स्टरबाईनं पेढा हातात घेतला आणि सासूबाईंना सरळ विचारलं, "तुमचं पण असंच पुसलं होतं का हो? आधीचं नाव काय तुमचं?"

बायका दचकल्या. असं विहिणीपाहुण्यांसमोर कोणी विचारतं का? सासरे कोपऱ्यात सुपारी कातरत होते, त्यांचा अडकित्ता थांबला. सासूबाईंनी ताटाकडे बोट केलं.

"हेच," त्या म्हणाल्या.

माझ्या नवऱ्याच्या हातात अजून अंगठी होती. "आई, मला कधी बोलली नाहीस!" ते म्हणाले. "कोणी विचारलंच नाही रे," त्या म्हणाल्या. नऊ वर्षांची असताना त्या या घरात आल्या होत्या. त्यांना त्या नावानं हाक मारणारं माहेरचं कोणी उरलं नव्हतं.

त्यानंतर सासूबाई रोज दिवसभर मला त्या नावानं हाका मारायच्या. काम असो नसो. पाणी दे म्हणून, वाती वळ म्हणून, नुसतीच इकडे ये म्हणून. मी त्यांच्यावर रागावूही शकत नव्हते, आणि तोच मोठा राग होता. त्यांना त्यांचं नाव परत मिळालं, पण माझ्या नावाच्या जागेवर. बॅक्स्टरबाई पुढे आईवडिलांबरोबर इंग्लंडला निघून गेली. माहेरची माणसंही एकेक करून गेली.

माझ्या मुलाचं लग्न ठरलं, तेव्हा होणाऱ्या सुनेनं आधीच सांगितलं, नाव बदलणार नाही, आडनावही नाही. मी म्हटलं, "कशाला बदलायचं?" सगळे म्हणाले, किती पुढारलेली सासू! पण माझंही माहेरचं नाव मी इतकी वर्षं सुनेला द्यायलाच राखून ठेवलं होतं. ती हसत माझ्या पाया पडली. मी आशीर्वाद दिला आणि तिच्यावर जळले.